बर्फाची सतरंजी

आमच्या घरातील भांडणे सहसा भाजीवरून होतात. गेल्या वर्षी मात्र एक भांडण बर्फावरून झाले, आणि ते चांगले दोन महिने टिकले.

पत्नीला स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउ पाहायचे होते. ही इच्छा आजची नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने ते शिखर एका कॅलेंडरवर पाहिले, आणि वर्ष सरल्यावर ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले. पुढे मुलांची शिक्षणे आली, माझ्या आईचे लांबलेले आजारपण आले. आता हाताशी चार पैसे होते, पाय अजून चालत होते, आणि आमचे मेहुणे 'बारा दिवसांत नऊ देश' करून, त्यांतला कोणता कोणता हे विसरून, परत आले होते. नेमका त्याच वेळी मी एक हिशेब वाचला.

२०१६ साली नोट्झ आणि स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी तो मांडला. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, की उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचा उन्हाळाअखेरचा बर्फ सुमारे तीन चौरस मीटरने घटतो. मुंबईहून झुरिकला विमानाने जाऊन यायचे म्हणजे एका उतारूमागे साधारण टनभर वायू. हिशेबाच्या रीतीप्रमाणे थोडा कमी, थोडा अधिक. तीन चौरस मीटर म्हणजे आमच्या माजघरातली सतरंजी. दोघांच्या मिळून दोन सतरंज्या. बर्फ पाहायला निघायचे आणि जाताजाता तोच पुसून टाकायचा! खुद्द स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. पिझोल नावाच्या एका हिमनदीसाठी तर २०१९ मध्ये लोक काळे कपडे घालून डोंगर चढले आणि त्यांनी तिथे शोकसभा घेतली.

मी घरात जाहीर केले, की आपण जायचे नाही.

"तुम्ही कचेरीच्या खर्चाने तीनदा जर्मनीला जाऊन आलात," पत्नी शांतपणे म्हणाली. "तेव्हा सतरंज्या मोजल्या होत्या का? माझीच पाळी आली तेव्हा बरी पृथ्वी आठवली!"

मला उत्तर सुचले नाही. शिवाय एक शंका मला त्याआधीच टोचत होती. माझा जुना चिक्कूपणाच तर तत्त्वज्ञानाची शाल पांघरून आला नसेल? यात्राकंपनीचे दरपत्रक मी तो हिशेब वाचण्याआधी पाहिले होते, हे इथे कबूल केलेले बरे.

पण पत्नीचे गाऱ्हाणे केवळ आमच्या घरातले नव्हते. युंगफ्राउची रेल्वे १९१२ सालची. डोंगराच्या पोटातून बोगदा खणून ती ३,४५४ मीटर उंचीवर नेली आहे, आणि शंभराहून अधिक वर्षे युरोपातले सुखवस्तू लोक तिच्यात बसून वर जात आहेत. सरासरी भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी दोनेक टन वायू येतो, अमेरिकन माणसाच्या वाट्याला त्याच्या कितीतरी पट. मग जो कधी गेलाच नाही, त्यानेच पहिल्यांदा थांबायचे? हा न्याय मला पटत नाही. दुर्दैवाने बर्फाला न्यायान्याय कळत नाही, तो फक्त ऊब ओळखतो. आणि 'सरासरी भारतीय' म्हणून मला तरी पुढे सरसावता येत नाही. माझ्या एकट्याच्या एका प्रवासात त्या बिचाऱ्याचे सहा महिने खर्ची पडतात.

कोणी म्हणेल, पाहिल्याशिवाय माया जडत नाही. माणसे जाऊन पाहतील, तरच निसर्ग राखतील. असेलही. आमच्या मेहुण्यांना मात्र नऊ देश पाहून दहाव्याचीच माया जडली आहे.

या पेचातून मला बाहेर काढले ते माझ्या आजीने. ती जाऊन पन्नास वर्षे झाली. आजी उभ्या आयुष्यात एकदाच काशीला गेली, महिनाभर राहिली, आणि त्या महिन्याच्या गोष्टी तिने पुढे तीस वर्षे सांगितल्या. काशीला गेले की आवडीचे एखादे फळ वा भाजी कायमची सोडण्याची रीत आहे. आजीने फणस सोडला. कोकणातल्या बाईने फणस सोडणे म्हणजे काय, हे कोकणातल्यांनाच कळेल.

तेव्हा जायचे ठरले, पण आजीसारखे. एकदाच, एकच देश, तीन आठवडे. मध्ये न थांबणारे विमान घेतले, कारण पुन्हा उतरण्याचढण्यात इंधन जास्त जळते. जागा मागच्या, दाटीवाटीच्या घेतल्या. ऐसपैस खुर्ची अधिक जागा अडवते, म्हणून तिच्या माथी वायूही अधिक. तिकडे सगळीकडे आगगाडीने हिंडलो. तिथल्या गाड्या बहुतांशी पाण्यापासून केलेल्या विजेवर चालतात. खरे पाप विमानातच होऊन जाते. हॉटेलात टॉवेल दोन दिवस वापरला, तर त्याने मनाचे समाधान होते इतकेच.

युंगफ्राउच्या त्या स्टेशनाजवळ बर्फात कोरलेला एक महाल आहे. पाहायला येणाऱ्यांच्या अंगच्या उबेने तो वितळू लागतो, म्हणून यंत्रांनी गार ठेवावा लागतो. पत्नीने भिंतीला बोट लावले आणि कोणी रागावेल अशा बेताने चटकन मागे घेतले. बाहेर आलो तेव्हा धुके सरले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याकडे पाहताना सतरंज्या मी विसरलो होतो, हेही सांगून टाकतो.

खाली उतरताना गाडीत मी म्हणालो, "आता आपण काय सोडायचे?"

"तुम्ही सोडा," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षे सोडूनच बसले होते."

म्हणून मी देशातल्या देशात विमानाने जाणे सोडले. मुलगी बंगलोरला असते. हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आम्ही दिवाळीसाठी तिच्याकडे निघालेले असू, आगगाडीने. मुंबईहून जवळजवळ चोवीस तास लागतात. पत्नी दशम्या करणार आहे, आणि माझे गुडघे आतापासूनच कुरकुरू लागले आहेत.