वेगाची मर्यादा

सुप्याचे जुने गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. गणेशगुडीहून तिकडे जाणारा रस्ता रानातून वळत जातो. त्यावर भरधाव मोटार हाकणारा तरुण पाहिला, की प्रश्न पडतो: वेगाची आवड हेच पाप आहे काय?

उत्तरासाठी खऱ्या शर्यतीकडे पाहावे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. त्याच्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर होत. १९९० पासून त्या इरुंगट्टुकोट्टईच्या बांधीव मार्गावर होतात. आठवडाभर नोकरी-व्यवसाय सांभाळून शनिवार-रविवारी पदरमोड करून गाडी पळविणारे हौशी लोक अशा ठिकाणी उतरतात. तेथे पिवळे निशाण दिसताच कोणी कोणास मागे टाकावयाचे नाही. निळे दिसताच मागून येणाऱ्या वेगवान गाडीस वाट द्यावयाची. जिंकण्याची ऊर्मी त्या क्षणी गिळावी लागते.

कठोपनिषदाने बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. घोडे मारावयाचे नसतात, आवरावयाचे असतात.

शर्यतीत उतरणारा धोका जाणून, आपखुशीने उतरतो. रानवाटेने मोळी घेऊन निघालेल्या बाईने किंवा देवळातून परतणाऱ्या वृद्धाने अशी संमती कोणास दिलेली नसते. आपला प्राण पणास लावावा की नाही, हा वादाचा विषय आहे, कारण त्यावर घरच्यांचाही हक्क असतो. परक्याचा प्राण मात्र पणास लावण्याचा अधिकार कोणासही नाही.

रविवारी ज्याने वेग उपभोगला, त्याने सोमवारी आपल्या गावच्या वळणावर गाडी आवरावी. सारथ्याची खरी परीक्षा तेथेच होते.