नागाची तहान

श्रावण लागला की आमच्या घाटकोपरात एके काळी गारुडी येत असत. टोपलीचे झाकण निघे, पुंगी हलू लागे, नाग फणा काढी, आणि घरोघरच्या सुवासिनी दुधाची वाटी घेऊन दाराशी येत. नागाने वाटीत तोंड घातले की नैवेद्य पावला म्हणून सर्वांस धन्यता वाटे. नाग ते दूध खरोखरच पीत असे, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. तो का पितो, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

त्याचे उत्तर पुढे कळले, आणि ते सुखद नव्हते. सणापूर्वी कित्येक दिवस अशा नागांस पाण्याचा थेंबही देत नसत. तहानेने व्याकुळ झालेला जीव समोर येईल ते पितो. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न होय. सापास ते पचत नाही, आणि पाजताना ते फुप्फुसांत गेले तर प्राणावरच बेतते. ज्यास आपण देवाची प्रसन्नता समजत होतो ती केवळ एका कैद्याची तहान होती! आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या प्रसिद्ध नागपूजेवरही पुढे न्यायालयाचे निर्बंध आले.

हे सर्व आठवण्यास कारण झाला आमच्या शेजारचा एक तरुण. देशी साप पाळण्यास कायद्याची मनाई असल्याने त्याने एक लहानसा आफ्रिकी अजगर रीतसर नोंद करून पाळला आहे. ‘काका, याला पाणी कोणते द्यावे? नळाचे, उकळलेले, की बाटलीतले?’ असे त्याने एके दिवशी आम्हांस विचारले. प्रथम आम्हांस हसू आले. मग आम्ही जाणकारांस विचारून घेतले. उत्तर साधे आहे. जे पाणी मनुष्यास निर्धोक तेच सापासही चालते. मुंबईचे पाणी मुख्यतः भांडुप व पांजरापूर येथे शुद्ध होऊन येते, आणि त्यात क्लोरीन असतो. उघड्या भांड्यात अहोरात्र ठेवले असता तो बराचसा उडून जातो. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नसतात, म्हणून ते नित्य देऊ नये. ज्याचा उगम ठाऊक नाही असे टँकरचे वा विहिरीचे पाणीही नको. भांडे जड असावे व रोज घासून धुवावे, कारण साप ज्या पाण्यात डुंबतो त्यातच पुष्कळदा घाणही करतो, आणि तेच पितो.

उत्तर संपले, परंतु प्रश्न आमच्या मनातून जाईना. खाडीकाठी हिंडणारी धामण आपले पाणी आपण निवडते. एक डबके नासले तर ती दुसरीकडे जाते. पेटीतल्या अजगरास दुसरीकडे जाणे नाही. तो ओरडत नाही, दाराशी येऊन भांडे वाजवीत नाही. त्याच्या डोळ्यांस पापणीसुद्धा नाही की मिटून दुःख दाखवावे. त्याची निवड आपण हिरावून घेतली; तेव्हा त्याच्यासाठी निवड करणे हे आपल्यावरचे ऋण आहे. त्यास भूतदया म्हणून मिरवणे म्हणजे ऋणकोने हप्ता भरून दानाची पावती मागण्यासारखे होय.

यावर कोणी म्हणेल, याच घाटकोपरच्या टेकडीवर माणसे हंडे घेऊन नळाशी रांगा लावतात, आणि तुम्ही सापाच्या वाटीचा विचार करीत बसला आहात! हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. माणसाची तहान पहिली, यात वाद नाही. तथापि टेकडीवरची तहान या वाटीमुळे उत्पन्न झालेली नाही, आणि वाटी रिकामी ठेवल्याने ती भागणारही नाही. दुर्बळास काय हवे हे न विचारता आपणांस जे द्यावेसे वाटते ते देणे, ही खोड मात्र दोन्ही ठिकाणी एकच आहे. वस्तीत पाण्याची वेळ व दाब सुधारण्याऐवजी सणावारी मिठाई वाटणारा दाता आणि तहानलेल्या नागापुढे दूध ठेवणारा भक्त, यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोघांचेही हेतू शुद्ध असतील. पण हेतूच्या शुद्धतेने पाण्याची उणीव भरून निघत नाही.

आमच्या आईने नागापुढे कितीदा तरी दूध ठेवले. तिच्या भक्तीस आम्ही नावे ठेवीत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हांस आता ठाऊक झाले आहे, म्हणून तिला जी क्षमा आहे ती आम्हांस नाही. शेजारचा तो मुलगा रात्री तांब्यात पाणी काढून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री वाटी घासून ते तीत ओततो. त्या वेळी तो हात जोडीत नाही. तरीही नागपंचमीची खरी पूजा त्याच्याच घरी होते, असे आम्हांस वाटते.