नकाराखाली सही कोणाची?

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस मेडिक्लेम असलेल्या अनेक घरांच्या ओळखीचा आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज जायला हरकत नाही' असे सांगून जातात. पेशंट घरचे कपडे घालून कॉटवर बसलेला असतो. सलाइनची सुई काढल्यावर लावलेला कापसाचा बोळा चिकटपट्टीखाली तसाच असतो, औषधांची पिशवी आणि थर्मास पायाशी भरून ठेवलेले असतात. घरातले कोणीतरी खाली विम्याचे दावे पाहणाऱ्या टीपीए डेस्कपाशी ताटकळत उभे असते. 'क्वेरी आली आहे,' एवढेच कळते. अमुक तपासणी का सांगितली, हे इंजेक्शन का दिले, भरती करण्याची गरज काय होती, याचे डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे पत्र विमा कंपनीला हवे असते. पत्र जाते, आणि तिन्हीसांजेला दोन ओळींचे उत्तर येते: उपचार ओपीडीत होऊ शकले असते, दाखल होण्याचा हेतू मुख्यतः तपासणीचा होता, सबब दावा नामंजूर. डॉक्टरांनी दिलेल्या पत्रावर त्यांचे नाव असते, पदवी असते, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. नकाराच्या पत्राखाली पुष्कळदा फक्त एका विभागाचे नाव असते. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्यांच्यातल्या फरकात आहे.

विमा कंपनी 'नाही' म्हणते तेव्हा ती प्रत्येक वेळी एकच गोष्ट म्हणत नसते. मोतीबिंदूसाठी तुमच्या पॉलिसीत दोन वर्षांची प्रतीक्षा आहे आणि ती पुरी झालेली नाही, किंवा खोलीच्या भाड्याची मर्यादा तुम्ही ओलांडली आहे, असे ती सांगते तेव्हा ती कराराविषयी बोलते. ते ऐकायला कडू वाटते, विकताना एजंटाने ही अट नीट सांगितली नसेल तर संतापही येतो. पण पॉलिसी उघडून ते कलम कोणालाही वाचता येते, त्यावर वाद घालता येतो. 'या एमआरआयची गरज नव्हती', 'हे इंजेक्शन या आजारात लागत नाही', 'तीन दिवस ठेवायला नको होते' ही वाक्ये मात्र पॉलिसीच्या कोणत्याच पानावर छापलेली नसतात. ती एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट दिवशीच्या शरीराविषयीची विधाने आहेत. म्हणजे ती वैद्यकीय मते आहेत. आणि वैद्यकीय मत देणाऱ्यावर आपल्या समाजाने जी बंधने घातली आहेत, ती हे मत देणाऱ्यावरही असायला हवीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, पॉलिसींतल्या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आहे. त्यातले चौथे कलम तपासण्यांचे. मुख्यतः निदान आणि तपासणी एवढ्याचसाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. चालू निदानाशी आणि उपचाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचाही मिळणार नाही. कलम वाजवी आहे. चार दिवसांची सवड काढून कोणी सगळ्या शरीराची तपासणी करून घेण्यासाठी रुग्णालयात राहिले, तर त्याचा भार इतरांच्या हप्त्यांवर पडू नये. अडचण होते ती हे कलम कसे लावले जाते तिथे. समजा, मधुमेह असलेला पंचावन्न वर्षांचा माणूस रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून कॅज्युअल्टीत येतो. पहिला ईसीजी ठीक निघतो. पहिला ईसीजी ठीक असूनही हृदयविकाराचा झटका असू शकतो, हे समोरच्या डॉक्टरला शिकवलेले असते. म्हणून तो ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करतो, इको करतो, पेशंटला मॉनिटर लावून नजरेखाली ठेवतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. याहून चांगली बातमी त्या घराला काय असणार? पण फाइल विमा कंपनीकडे जाते आणि तिथे नेमकी हीच बातमी त्या माणसाच्या विरोधात उभी राहते: आजार सापडला नाही, केल्या त्या फक्त तपासण्या, म्हणून दाखल झाला तो तपासण्यांसाठीच.

या तर्कात काळाची उलटापालट आहे. डॉक्टरने निर्णय घेतला तेव्हा रिपोर्ट नव्हते. नकार देणाऱ्याने निर्णय घेतला तेव्हा ते फाइलला जोडलेले होते. डेंग्यूतही असेच होते. ताप उतरू लागतो तेच दिवस अधिक धोक्याचे असतात, म्हणून प्लेटलेट आणि रक्तदाबावर लक्ष ठेवण्यासाठी डॉक्टर काही पेशंटना दाखल करतात. त्यांतले बहुतेक सुखरूप घरी जातात, आणि सुखरूप गेले यावरूनच दाखल करणे अनावश्यक होते असा निष्कर्ष निघतो. न्यायाची साधी अपेक्षा अशी आहे की एखाद्याचा निर्णय तपासताना त्याला तेव्हा जे दिसत होते तेवढेच आपण पाहावे. ती सोडली की नुकसान केवळ बिलाच्या रकमेपुरते राहत नाही. एकदा असा दावा नाकारला गेलेला माणूस पुढच्या वेळी रात्री दोन वाजता छाती दाबून धरून विचार करतो की सकाळपर्यंत थांबावे का. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे थांबणे.

नियामकाच्याच 2023-24 च्या अहवालातले आकडे पाहा. त्या वर्षी आरोग्यविम्याचे सुमारे 1.17 लाख कोटी रुपयांचे दावे कंपन्यांपुढे होते. त्यांपैकी सुमारे 83,500 कोटी दिले गेले. सुमारे 15,100 कोटी पॉलिसीच्या अटींनुसार अमान्य झाले आणि सुमारे 10,900 कोटींचे दावे फेटाळले गेले. यातला प्रत्येक नकार चुकीचा होता असे कोणीही म्हणू नये. किती नकार कराराच्या आधारावर होते आणि किती वैद्यकीय मताच्या, हे या बेरजांवरून कळत नाही, आणि माझी तक्रार तिथेच सुरू होते. दोन अगदी वेगळ्या जातीचे नकार एकाच रकान्यात पडले की दुसऱ्या जातीच्या नकाराला पहिल्याची प्रतिष्ठा मिळते. तोही जणू पॉलिसीतून वाचून दाखवलेला नियमच असतो.

डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर लिहिला पाहिजे, असे 2002 ची वैद्यकीय आचारसंहिता सांगते. हा नियम शोभेचा नाही. त्या क्रमांकामुळे चिठ्ठीवरच्या चार ओळींना एक जबाबदार माणूस मिळतो. चुकीचे औषध दिले तर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे जाता येते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून ग्राहक आयोगाकडेही जाता येते. औषध द्या म्हणणाऱ्याला आपण असे बांधून घेतले आहे. त्या औषधाची गरज नव्हती असे म्हणणाऱ्याला मात्र काहीच बांधलेले नाही. तो हृदयरोगतज्ज्ञ आहे की नाही हे पेशंटला ठाऊक नसते. त्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन केला का, फाइलची किती पाने वाचली, हेही नाही. 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची पॉलिसीतली प्रमाणित व्याख्या वाचली तर हे आणखी खटकते. उपचार सुरक्षित आणि पुरेसा ठरेल त्यापेक्षा जास्त नसावा, वैद्यकीय व्यावसायिकाने सांगितलेला असावा, वैद्यक क्षेत्रात मान्य असलेल्या निकषांना धरून असावा, असे ती म्हणते. तपासण्या, औषधे आणि रुग्णालयातला मुक्काम तिन्ही तिच्यात येतात. पेशंटला न पाहता आणि पाहणाऱ्याशी न बोलता 'सुरक्षित' आणि 'पुरेसा' हे शब्द कोणाला ठरवता येतील?

याला पहिला आक्षेप डॉक्टरांच्याच वागण्याचा आहे, आणि तो हलका नाही. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिस हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांशी बोलून जे चित्र पुढे आणले, त्यात विनाकारण तपासण्या, दलाली आणि कॉर्पोरेट रुग्णालयांतली उद्दिष्टे यांविषयी डॉक्टरांनीच कबुली दिली होती. 2017 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला. तेव्हा डॉक्टरने लिहिले म्हणजे ते योग्यच, असे मी म्हणत नाही. तपासणी करणारा दुसरा डोळा हवाच. पण ज्या कारणासाठी पहिल्या डॉक्टरच्या हेतूवर शंका घ्यायची, ते कारण दुसऱ्यालाही लागू होते. एकाला जास्त तपासण्यांतून फायदा असू शकतो, दुसऱ्याला कमी पैसे देण्यातून. दोघांचेही हितसंबंध आहेत, तर दोघांचीही नावे कागदावर असावीत. शिवाय रुग्णालयाने फुगवलेल्या बिलाची शिक्षा पेशंटला का? कॅशलेस रुग्णालयांशी दरांचे करार कंपनी करते, शेकडो फाइली तीच पाहते, कोणते रुग्णालय विनाकारण दाखल करते हे तिलाच कळू शकते, यादीतून काढण्याचा अधिकारही तिचाच. सलाइन लावलेल्या माणसाने 'डॉक्टर, ही तपासणी माझ्या पॉलिसीच्या चौथ्या कलमात बसते का' असे विचारावे, ही अपेक्षा कोणत्याही अर्थाने न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप सामाईक पैशाचा. हप्ते सगळ्यांचे असतात. प्रत्येक दावा मान्य केला तर पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता वाढेल. विम्याचे मूळ तत्त्वच हे असल्याने या म्हणण्याला मान द्यायला हवा. मात्र मग तो सामाईक पैसा जातो कुठे, हेही विचारावे लागते. त्याच 2023-24 मध्ये सरकारी साधारण विमा कंपन्यांनी आरोग्यविम्याच्या दर शंभर रुपये हप्त्यामागे शंभराहून थोडे अधिक दाव्यांपोटी खर्च केले; फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांनी सुमारे 65. सरकारी कंपन्यांचे गणित टिकाऊ नाही हे मान्य आहे, आणि कंपनी चालवायला खर्च येतो हेही. तरी पेशंटच्या एका एमआरआयवरून सगळ्यांचा हप्ता वाढेल असे सांगणाऱ्याने उरलेल्या पस्तीस रुपयांचा हिशेबही त्याच गांभीर्याने मांडायला हवा.

तिसरे उत्तर नेहमी तयार असते: तक्रार करा. सोय खरोखरच आहे. विमा लोकपालाकडे 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. निवाडा झाल्यावर कंपनीने तो 30 दिवसांत पाळला नाही, तर दिवसाला 5,000 रुपये दंड आहे. ही माहिती प्रत्येक घरात असावी. पण अपील करता येते म्हणून पहिला निर्णय बेफिकिरीने घेण्याची मुभा कोणाला मिळत नाही. अमेरिकेतला अनुभव इथे कामाचा आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत अशा मराठी घरांना उपचारासाठी आधी विमा कंपनीची परवानगी घेण्याचा तिथला प्रकार ऐकून माहीत असेल. तिथे वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेतल्या खासगी विमा कंपन्यांकडे 2022 साली अशा परवानगीच्या 4 कोटी 60 लाखांहून अधिक विनंत्यांवर निर्णय झाले. सुमारे 34 लाख पूर्णतः किंवा अंशतः नाकारल्या गेल्या. नाकारलेल्यांपैकी दहात जेमतेम एकाने अपील केले, आणि ज्यांनी केले त्यांतल्या 83 टक्क्यांच्या बाबतीत नकार पूर्णतः किंवा अंशतः मागे घेतला गेला. अपील करणाऱ्यांची बाजू मुळातच अधिक भक्कम असेल, असे कोणी म्हणेल; थोडीफार असेलही. तरी विचारल्यावर शंभरात 83 वेळा बदलणारे मत हे वैद्यकीय मत म्हणून टिकत नाही. बाकीच्या नऊ जणांतले अनेक आजारी असतील, वयस्क असतील, फॉर्म भरण्याच्या अवस्थेत नसतील. त्यांच्या थकव्यावर ती व्यवस्था चालली होती, असेच मला म्हणावेसे वाटते.

आपल्याकडे हे बदलण्याची सुरुवात झालेली आहे, म्हणूनच पुढचे पाऊल मागण्यात अर्थ आहे. आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून जावेत, असेही म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीच्या समितीने किंवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा आढावा गटाने मान्यता दिल्याशिवाय कोणताही दावा फेटाळता येत नाही. सरकारी योजनेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले होते की उपचार कसे करायचे याचा अखेरचा निर्णय डॉक्टरचा असतो, पेशंटला त्यात फारसा वाव नसतो, आणि उपचार खरोखर झाले का हीच खरी कसोटी. कॅलिफोर्नियात जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने उपचाराची गरज नाकारण्याचा निर्णय संगणकावर सोडायला मनाई केली आहे. तो परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकानेच घ्यायचा आहे.

आपल्या परिपत्रकाने निर्णय माणसांकडे आणला, आता ती माणसे कागदावर यायला हवीत. नकार कराराचा असेल तर कलम लिहावे आणि पुरे. नकार 'गरज नव्हती' असा असेल तर ते मत देणाऱ्या डॉक्टरचे नाव, विषय आणि नोंदणी क्रमांक पत्रात असावा, पेशंटला पाहिलेल्या डॉक्टरच्या निर्णयाशी मतभेद नेमका कुठे आहे ते दोन ओळींत लिहावे, आणि आढावा गटातल्या तिघांची नावे खाली असावीत. छातीत दुखते म्हणून रात्री दोन वाजता आलेल्या त्या माणसाच्या पत्रात आणखी एक ओळ लागेल: कॅज्युअल्टीत त्याला तपासणाऱ्या डॉक्टरशी कंपनीचे डॉक्टर कोणत्या तारखेला, किती वाजता बोलले. बोलले नसतील, तर तसे लिहावे.