आळशी, अशक्त की झोप अपुरी?

मुंबईजवळच्या उत्तनमधील पाली, चौक भागांतल्या डोलकरांचे घड्याळ सूर्यावर चालत नाही. डोल म्हणजे समुद्रात प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवलेले पिशवीसारखे लांबलचक जाळे. पाण्याला ओढ असते तोवर मासळी आपोआप आत शिरते आणि पाणी फिरण्यापूर्वी थबकले की जाळे वर घ्यायचे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे आज पहाटे असलेले काम चार-पाच दिवसांत उन्हावर येते आणि मध्यरात्रही कधी ना कधी वाट्याला येतेच. उधाणाला ओढ जोराची, म्हणून कामही जास्त. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत थोडी उसंत.

किनाऱ्यावर मासळी आली की बायकांचा दिवस सुरू होतो. निवडणे, धुणे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूवर टाकणे, उलटसुलट करणे, मग टोपली घेऊन बाजार. घरची चूल वेगळी. यातल्या कुणी “सारखं दमल्यासारखं होतं” म्हटले, तर उत्तर तयारच असते: वय झाले, नाहीतर अंगात आळस भरला.

हे उत्तर फार जुने आहे. थकवा म्हणजे स्वभावातली खोट, असेच बराच काळ मानले गेले. मुंबईच्या गिरण्यांमध्ये 1880च्या दशकात कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होते, तेव्हा कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी या समजुतीलाच हात घातला. 1884 साली भरवलेल्या सभेतल्या मागण्या आज वाचल्या तर मागणारे किती कमी मागत होते याचेच नवल वाटते: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. थकव्याचा दोष कामगाराच्या अंगावरून कामाच्या तासांवर सरकला, तो असा.

त्याच सुमारास इटलीत तूरिनचा शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो थकवा मोजू पाहत होता. हाताचे मधले बोट पुन्हा पुन्हा वजन उचलते आणि प्रत्येक उचल कागदावर रेघ होऊन उमटते, असे यंत्र त्याने बनवले. रेघा हळूहळू बुटक्या होत जात. गंमत अशी की विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचे बोटही लवकर थकले. डोक्याचे काम स्नायूलाही दमवते, हे तेव्हा कागदावर दिसले.

पण तास कमी करूनही न जाणारा थकवा? त्याचे एक उत्तर मुंबईनेच दिले. 1928 साली लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना गंभीर रक्तक्षय होत होता, आणि त्यांचे खाणे अगदीच निकस होते. हाफकिन संस्थेत काम करताना तिने माकडांवर आणि पुढे रुग्णांवर यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, वापरून पाहिला. बायका सुधारल्या. तिचा निबंध 1931 साली आला. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड हे मात्र पुढच्या दशकात कळले. आज सरकारी गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते, त्याचा एक धागा असा गिरणगावातून निघतो.

आणि तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. मासळी खाणाऱ्या घरात बी-12 सहसा कमी पडत नाही, पण दर महिन्याचा रक्तस्राव आणि बाळंतपणे यांतून जाणारे लोह तेवढ्याने भरून निघेलच असे नाही. त्यात जेवणावर लगेच चहा, जो लोह शोषू देत नाही. गोळीने शौचाला काळे होते, पोट बिघडते आणि मग ती डब्यात पडून राहते. याला आळस म्हणणे सोपे आहे. गोळी देताना एवढे दोन शब्द सांगणे त्याहून फार अवघड नाही.

रक्त ठीक असेल तर थायरॉइड, साखर, घोरणे, उदासी हे पाहावे लागते. काहींना विषाणूच्या आजारानंतर सहा-सहा महिने असा थकवा धरून राहतो की थोड्या कष्टाने दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही. अशांना ‘रोज थोडा व्यायाम वाढवा’ सांगण्याची पद्धत उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 साली मागे घेतली. चालायला लागा, बरे वाटेल, हा सल्ला सरसकट नाही.

डोलकराच्या बाबतीत मात्र तपासणीआधी झोपेचा हिशेब मांडावा. शरीराला स्वतःचे सुमारे 24 तासांचे घड्याळ असते. ते पेशींत कसे चालते हे शोधणाऱ्या तिघांना 2017चे नोबेल मिळाले. भरतीमागे सरकणारी झोप आणि ते घड्याळ यांचा मेळ बसत नाही. एका दमात नाही तर दोन तुकड्यांत का होईना, सात तास भरतात का, हा प्रश्न दवाखान्यात क्वचितच निघतो.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा पुरुषांना थोडी झोप मिळते. बायकांचे तसे नाही. ताजी मासळी कमी असल्याने सुक्या बोंबलाला गिऱ्हाईक नेमके तेव्हाच असते, म्हणून त्यांची बाजाराची फेरी जून-जुलैतही सुटत नाही.