करंटचा व्यायाम

सकाळी फिरायला निघालं की पाच-दहा पावलांतच छातीचे ठोके वाढतात. पायांना प्राणवायू कमी पडायला अजून अवकाश असतो, तरीही. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड या संशोधकांनी या घाईचं कारण शोधलं. 1913 साली त्यांनी मांडलं, की मेंदू पायांना चालायचा हुकूम देतो तेव्हाच हृदयाला आणि श्वासालाही वर्दी देतो. 1917 मध्ये त्यांनी हा हुकूमच वगळला. वीज लावून स्नायूंना राबवलं आणि आपणहून केलेल्या कामाशी त्याची तुलना केली. पुढे इतरांनी दाखवलं, की राबणारा स्नायूही आपली खबर वर पाठवतच असतो. म्हणून कंबरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाचे पाय विजेने सायकलवर फिरवले, तरी त्याचे ठोके आणि श्वास वाढतात. नेटाने करत राहिलं तर त्याचा दमही सुधारतो.

स्नायूंना असं विजेने राबवणारं यंत्र आता मिळतं, आणि त्याचं खरं मोल मला इथं वाटतं. सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार झालेला माणूस धाप लागते म्हणून चालत नाही. चालत नाही म्हणून मांड्या वाळतात. मांड्या वाळल्या की चार पावलांतच धाप लागते. अशा 52 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. मांड्यांना रोज अर्धा तास, सहा आठवडे. काहींना खरा करंट, काहींना नावापुरता. खरा मिळाला ते सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा जास्त अंतर चालले. फुप्फुसांचा आजार होता तिथेच होता, बळ आलं ते मांड्यांना. करंट थांबल्यावर मात्र हा फायदा ओसरत गेला.

आणि धडधाकट माणूस? जिममध्ये विजेचा अंगरखा चढवून वीस मिनिटांत सगळा व्यायाम उरकण्याची जाहिरात त्याच्यासाठीच असते. आपण चालतो तेव्हा स्नायूंचे तंतू पालखीच्या भोयांसारखे आळीपाळीने खांदा देतात. बाहेरून दिलेला करंट त्याच त्या तंतूंना एकदम जुंपतो, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. हृदयाला लागते ती दीर्घ, संथ मेहनत, आणि ती होण्याआधीच पाय हात टेकतात. स्नायूला थोडी ताकद येईल, पण जिना चढताना लागणारा दम चालण्यासारख्या मेहनतीने कमावावा लागतो. (दुखऱ्या गुडघ्याला दवाखान्यात लावतात तो टेन्सचा करंट वेगळा, त्याचं काम वेदना शमवणं.)

पहिल्याच दिवशी जोराचा करंट घेतल्याने स्नायू मोडून मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. पेसमेकर बसवलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र अंगाला लावूच नये. ज्यांना चालता येतं, त्यांनी चपला घालून बाहेर पडावं. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्यांच्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे या करंटची चौकशी जरूर करावी.