शिकणाऱ्याची नोंद कुणाची?

मोठेपणी शाळेची पायरी चढायला धैर्य लागते. लहान मुलाला काही येत नाही, याची कुणाला लाज वाटत नाही. ते शिकायलाच आलेले असते. पण चाळिशी-पन्नाशीतला माणूस रात्रशाळेत नाव घालतो, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतो किंवा साक्षरता वर्गात पहिल्यांदा सही गिरवतो, तेव्हा तो आधी एक कबुली देतो : मला हे येत नाही आणि मला ते शिकायचे आहे. ही कबुली तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सहसा देत नाही. सरकारच्या अर्जावर मात्र लिहून देतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा कितवीत सुटली, हे सारे त्यात येते. अर्ज कचेरीत जातो. त्यानंतर ती माहिती कुणाची? देणाऱ्याची, घेणाऱ्याची, की ज्याच्या हाती लागेल त्याची?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ब्रिटनमध्ये तो काही वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथील शिक्षण खात्याकडे ‘लर्निंग रेकॉर्ड्स सर्व्हिस’ नावाची एक संगणकीय नोंदवही आहे. चौदा वर्षांपुढील जो कुणी कॉलेजात, कौशल्यवर्गात किंवा प्रौढांच्या शिक्षणक्रमात नाव घालतो, त्याला एक दहा अंकी क्रमांक मिळतो आणि त्याचे नाव, जन्मतारीख, लिंग व मिळवलेल्या पात्रता तेथे नोंदल्या जातात. ई-मेल आणि राष्ट्रीयत्व यांसाठीही जागा असते. या नोंदवहीत सुमारे २ कोटी ८० लाख लोकांची माहिती होती आणि ती ६६ वर्षे जपून ठेवली जाते. म्हणजे चौदाव्या वर्षी नोंदलेले नाव माणूस ऐंशीचा होईपर्यंत तेथे राहणार. गोव्याहून जाऊन स्विंडनसारख्या शहरात स्थायिक झालेली आपली माणसेही तेथील कॉलेजांत शिकायला जातात, तेव्हा हा मामला अगदीच परक्यांचा नाही.

नोंदवहीचा हेतू चांगला होता. शिकणाऱ्याला दर वेळी जुने दाखले शोधत फिरावे लागू नये आणि शिक्षणसंस्थेला त्याची पात्रता लगेच पाहता यावी, यासाठी ती होती. त्याकरिता सुमारे १२,६०० संस्थांना ती उघडून पाहण्याची परवानगी दिलेली होती. त्यांत ‘ट्रस्टोपिया’ नावाने व्यवहार करणारी एक कंपनी होती. पूर्वी शिक्षण देणाऱ्या एका संस्थेचे हे नवे नाव आहे, असे तिने खात्याला कळवले आणि खात्याने परवानगी पुढे चालू ठेवली. प्रत्यक्षात ही कंपनी शिकवण्याचे काम करीतच नव्हती. लोकांची पार्श्वभूमी तपासून देणे हा तिचा धंदा होता. सप्टेंबर २०१८ ते जानेवारी २०२० या काळात या नोंदवहीतून सुमारे २२,००० जणांची माहिती शोधली गेली. कशासाठी? तर ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांकडे खाते उघडणारा माणूस अठरा वर्षांचा आहे की नाही, हे तपासून देण्यासाठी. खात्याला याचा पत्ताही नव्हता. एका रविवारच्या वृत्तपत्राने बातमी छापली, तेव्हा ते जागे झाले.

आपल्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खाते. येथे कुंपणाने शेत खाल्ले नाही हे खरे. पण बांधावरचे कवाड उघडे टाकून राखणदार निघून गेला आणि कोण आत शिरले, हे त्याने पाहिलेही नाही. पुढे ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी खात्याच्या एकूण कारभाराची तपासणी करून २०२० मध्ये १३९ शिफारशी केल्या. खात्यानेही सुमारे २,६०० संस्थांची परवानगी काढून घेतली. म्हणजे इतकी कवाडे विनाकारण उघडी होती.

आता कुणी म्हणेल, यात एवढे बिघडले काय? वय तपासणे हे तर चांगलेच काम. त्यामुळे अल्पवयीन मुले जुगारापासून दूर राहतील. कुणाचे पैसे चोरीला गेले नाहीत, कुणाची बदनामी झाली नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

शेजारीण परगावी जाताना आपल्याकडे घराची किल्ली ठेवून जाते. झाडांना पाणी घालावे, एवढ्यासाठीच. आपण त्या किल्लीने घर उघडून आपल्या पाहुण्यांना रात्रभर झोपू दिले. पाहुणे सज्जन होते, त्यांनी काडीही हलवली नाही. तरी आपण विश्वासघात केला, हे कुणालाही कळते. किल्ली ज्या कामासाठी दिली, ते काम त्या किल्लीला कायमचे जोडलेले असते. माहितीचेही तसेच आहे. ती दान नव्हे, ठेव आहे. ठेव घेणारा मालक होत नाही, विश्वस्त होतो. शिकण्यासाठी दिलेली जन्मतारीख जुगाराच्या दुकानी खपवणे, मग त्यातून एखादे बरे काम साधत असले तरी, हा ठेवीचा अपहारच आहे. चांगला परिणाम दाखवून वाईट मार्ग धुवून निघत नाही, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत.

दुसरा युक्तिवाद असतो संमतीचा. अर्जावर सही केली होती ना, मग तक्रार कसली? प्रौढ शिक्षणात हा युक्तिवाद सर्वांत लंगडा पडतो. जो माणूस अक्षरओळख करून घ्यायला आला आहे, त्याला अर्जाखालची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणूनच तर तो आला आहे! त्याचा अंगठा ही संमती कशी मानायची? आपल्या देशात २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी पंधरा वर्षांवरील निरक्षरांकरिता ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला. पाच वर्षांत पाच कोटी लोकांना साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट. कार्यक्रम स्तुत्य आहे. त्यात सर्वेक्षक माहिती विचारतो आणि मोबाइलच्या ॲपमध्ये भरतो. समोरची मावशी मान डोलावते. तिला काय विचारले हे कळते. ते पुढे कुठे जाते हे कळत नाही. येथे नीतीचा साधा नियम लागू होतो : देणाऱ्याची समज जितकी कमी, तितकी घेणाऱ्याची जबाबदारी जास्त.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. काम संपल्यावर माहिती पुसून टाकावी, असे हा कायदा कंपन्यांना सांगतो. पण माहिती पुसण्याच्या या बंधनातून सरकारला मात्र सूट दिली आहे. नेमके ज्याच्याकडे सर्वांत जास्त ठेवी आहेत, त्यालाच ठेव परत करण्याची सक्ती नाही. सरकारला कल्याणकारी योजना चालवायच्या असतात, जुने हिशेब ठेवावे लागतात, हे मान्य. पण ‘लागेल तितके ठेवणे’ आणि ‘मिळेल ते ठेवणे’ यांत फरक आहे.

ब्रिटनच्या प्रकरणाचा शेवटही विचार करायला लावणारा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये माहिती आयुक्तांनी खात्याला ठपका दिला. एरवी दंड एक कोटी पौंडांच्या वर गेला असता, पण तो आकारला नाही. सरकारी खात्याला दंड केला, तर तो जनतेच्याच पैशातून भरला जातो आणि सेवा आक्रसते, हे त्यामागचे धोरण. ती कंपनी तर चौकशी पुरी होण्याआधीच विसर्जित झाली होती. म्हणजे २२,००० जणांच्या विश्वासाची किंमत शेवटी एका पत्रापुरती उरली. दंड केला असता तर शिकणाऱ्यांच्याच ताटातले गेले असते. केला नाही, तर चूक स्वस्त ठरली. यातून वाट एकच : सरकारी जबाबदारी पैशाने नव्हे, माणसांनी उचलायला हवी. परवानगी कोणी दिली, नंतर कोणी तपासली, ज्यांची माहिती गेली त्यांना कोणी कळवले, याची उत्तरे नावानिशी मिळायला हवीत. खाते चुकत नाही, खात्यातली माणसे चुकतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी काय काय मिळायला हवे, ते सांगितले. अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला त्यात शिक्षण आहे आणि खाजगी जीवनाचे संरक्षणही आहे. दोन्ही एकाच यादीत. एक मिळवण्यासाठी दुसरे गहाण ठेवा, असे कुणी कुणाला सांगू नये.

आणि ज्याला ही भीती वाटेल, तो काय करील? तो शिकायला येणारच नाही. आपले नाव कुठे फिरेल, या धास्तीने पन्नाशीतली एखादी बाई साक्षरता वर्गाच्या दारातून परत गेली, तर तिचे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही. ज्यांची फसवणूक होते त्यांची निदान मोजणी होते. जे घाबरून घरी बसतात त्यांची होत नाही.

धर्मग्रामातील आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, काही साक्षरतेचे स्वयंसेवक आहेत, काही बचत गटांच्या आणि शिकवणीवर्गांच्या याद्या सांभाळतात. सरकार दूर आहे, पण अर्ज आपल्याच हातून भरला जातो. तेव्हा तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. ही माहिती खरोखर लागते का? ती कोण कोण पाहणार? काम झाल्यावर तिचे काय होणार? उत्तर मिळाले नाही, तर तो रकाना रिकामा ठेवता येतो का, हेही विचारावे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण मोठ्याने वाचून दाखवतोच; त्यात अर्जाखालची बारीक अक्षरेही यावीत.