पुराव्याचा भार कोणावर?

जें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं त्याविषयीं जाणत्यांचा शब्द किती मानावा, हा प्रश्न खेड्यांतील मंडळीस नवा नाहीं. विहीर कोठें खणावी हें पाणाड्या सांगतो, पोटांतील दुखणें वैद्य सांगतो, आणि आपण त्यांचें ऐकतों. ऐकणें योग्यच आहे. परंतु भूमीच्या पोटांतील तेल व वायु शोधून काढण्याचा व्यवहार आज इतका मोठा झाला आहे कीं, त्यांत जाणत्यांच्या एका शब्दावर हजारों कुटुंबांचीं घरें उभीं राहतात किंवा भंगतात. तेथें त्या शब्दाचें वजन कसें करावें, हें एका खऱ्या वृत्तांतावरून पाहूं.

युरोपांतील नेदरलंड, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांस वलंदेज म्हटलें आहे त्या लोकांचा देश, याच्या उत्तरेस ग्रोनिंगेन नांवाचा सपाट शेतीचा प्रांत आहे. गांवें लहान आहेत, व पुष्कळ गांवांत विटांचें जुनें उपासनामंदिर आहे. कांहीं तर तेराव्या शतकांतील आहेत. १९५९ सालीं तेथें स्लोख्तेरेन गांवाजवळ एका शेतांत खोल छिद्र पाडलें असतां नैसर्गिक वायु लागला. सांठा इतका प्रचंड निघाला कीं, दहा वर्षांच्या आंत त्या देशांतील बहुतेक घरांच्या चुली त्या वायूवर पेटूं लागल्या. वायु काढणाऱ्या कंपनींत शेल व एसो या दोघांचा निम्मा-निम्मा वांटा होता. पण उत्पन्नाचा फार मोठा भाग सरकारी तिजोरींत जाई. पुढें संसदेच्या चौकशी-समितीनें जो हिशेब मांडला त्याप्रमाणें सरकारास एकंदर सुमारें ३६३ अब्ज युरो मिळाले. येथवर यांत पाप तें कोणतें? आम्हांस तरी दिसत नाहीं. कडाक्याच्या थंडींत घरोघरीं ऊब पोहोंचली, आणि पैसा सर्व देशाच्या खर्चास लागला.

आतां भूमीची गोष्ट. वायु सुमारें तीन किलोमीटर खोल, वालुकाश्म नांवाच्या दगडांत असतो. तेथें मोठी गुहा असावी अशी पुष्कळांची कल्पना असते, तसें नाहीं. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत वायु दाबानें कोंडलेला असतो, आणि वरील थरांचा कांहीं भार तो दाबच पेलून धरतो. वायु निघाला कीं दाब उतरतो, दगड चेपतो आणि वरची जमीन हळूहळू खचते. दगडांत पूर्वींपासून ज्या भेगा आहेत त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या चेपत नाहींत. त्या एकाएकीं सरकतात, व धरणी कांपते.

१९८६ सालच्या डिसेंबरांत शेजारच्या प्रांतांतील आसेन शहरास असा धक्का बसला. मेंट फान देर स्लाउस नांवाच्या भूगोलाच्या एका अभ्यासकानें उघड सांगितलें कीं, हें वायु काढल्याचें फळ आहे. त्याची थट्टा झाली. संबंध सिद्ध झालेला नाहीं, असें कंपनीचें म्हणणें पडलें. (मनुष्याच्या कामामुळें धरणी हालते हें आपल्या सातारा जिल्ह्यांतील वाचकांस नवल वाटणार नाहीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगर हादरून दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि धरणाच्या जलाशयामुळें झालेल्या भूकंपाचें ठळक उदाहरण म्हणून जगभरचे अभ्यासक आज त्याचें नांव घेतात.) अखेर १९९३ सालीं नेमलेल्या अभ्यासकांनीं वायु व भूकंप यांचा संबंध मान्य केला, तरी धक्के लहानच राहतील असा धीर देण्यांत आला. कमाल मर्यादा प्रथम ३.३ सांगितली, पुढें ३.८, आणि मग ३.९. हे आंकडे लबाडीचे होते असें आम्ही म्हणत नाहीं. हातीं होत्या तेवढ्या नोंदींवरून ते काढलेले होते. पण ज्या आंकड्यास दर कांहीं वर्षांनीं वर सरकावें लागतें, तो आंकडा ऐकणाऱ्यास वचन म्हणून देऊं नये.

१६ ऑगस्ट २०१२ रोजीं हाउझिंगे गांवाजवळ ३.६ चा धक्का बसला. आंकडा लहान दिसतो; परंतु हे भूकंप फार खोल नसतात, म्हणून वरच्या घरांस त्यांचा हिसका जबर बसतो. भिंती तडकल्या, धुराडीं ढासळलीं, जुन्या उपासनामंदिरांस भेगा पडल्या. २०१३ च्या जानेवारींत खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानेंच सल्ला दिला कीं, वायु काढणें होईल तितक्या लवकर कमी करावें. आणि त्याच वर्षीं वायु कमी न निघतां उलट अधिक, म्हणजे सुमारें ५४ अब्ज घनमीटर, काढण्यांत आला. तेव्हां दोष विद्येचा होता असें कोणीं म्हणूं नये. विद्येनें साक्ष दिली होती. ज्यांच्या हातीं निर्णय होता त्यांनीं ती बाजूस ठेविली.

आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म याहूनही साध्या ठिकाणीं आहे. शेतकऱ्याच्या घरास तडा गेला म्हणजे तो वायूमुळेंच गेला हें त्यानेंच सिद्ध करावें, असा तेथील नियम पुष्कळ वर्षें होता. त्याच्यापाशीं काय होतें? तडा, आणि तो पडला त्या रात्रीची आठवण. समोरच्या पक्षापाशीं मोजमापाचीं यंत्रें, नकाशे व पगारी जाणते. घर जुनें आहे, पाया कच्चा आहे, जमीन ओलसर आहे, अशीं कारणें सांगण्यांत येत. आणि “अद्याप सिद्ध नाहीं” एवढें म्हटलें कीं नळ चालू राही. ही शंका निष्पक्षपाती दिसते. परंतु जोंवर ती फिटत नाहीं तोंवर नफा एकाचा व तोटा दुसऱ्याचा होत असेल, तर ती शंका एका पक्षाची चाकरी करीत असते.

निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत उघड्या खाचेचा नियम आहे तो वाचकांनीं काढून पाहावा. खांच खणून ती न झांकल्यामुळें कोणाचा बैल आंत पडून मेला, तर भरपाई खांचेच्या धन्याकडे येते. बैल आंधळा होता काय याची चौकशी तेथें प्रथम होत नाहीं. हा न्याय आपल्या गांवच्या पंचांसही पटेल. नेदरलंडांतही शेवटीं कायदा याच दिशेस वळला. २०१६ च्या अखेरीपासून असें ठरलें कीं, त्या प्रदेशांत घराची अशी हानि झाली असतां ती वायु काढल्यामुळेंच झाली असें धरून चालावें. तसें नसेल तर तें दुसऱ्या पक्षानें दाखवावें. तडे तेच आणि विद्याही तीच. फक्त भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला. परंतु तोंवर पहिल्या ओळखल्या गेलेल्या धक्क्यास तीस वर्षें झालीं होतीं.

कठीण प्रश्न याच्याही पुढें आहे. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर रशियाचा वायु युरोपास येणें फार कमी झालें, व गरिबांस चूल पेटविणें जड झालें. ग्रोनिंगेनचे नळ पुन्हां सैल सोडा, अशी मागणी झाली. अनेकांच्या उबेसाठीं थोडक्यांच्या छपरांस धोका, हा सौदा न्याय्य आहे काय? धोका किती वाढेल हें भूगर्भशास्त्र जाणणारा सांगूं शकतो. सौदा न्याय्य आहे कीं नाहीं हें सांगणें त्याच्या विद्येंत येत नाहीं, आणि तो तें सांगूं लागला तर तेथें त्याचा शब्द इतर कोणा मनुष्याच्या शब्दाहून जड नाहीं. असा धोका कोणीं स्वतःहून दुसऱ्यासाठीं पत्करला तर ती प्रीति होय. दुसऱ्यानें तो त्याच्यावर लादला तर तिला प्रीति म्हणतां येत नाहीं. सरकारनें उत्पादन वाढविलें नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून तेथून नियमित वायु काढणें बंद झालें, व २०२४ सालीं तसा कायदाही झाला.

चौकशी-समितीचा अहवाल २०२३ च्या फेब्रुवारींत निघाला. लोकांच्या सुरक्षिततेकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष झालें असें म्हणून तिनें ग्रोनिंगेनच्या लोकांचें देशावर ऋण आहे हें स्पष्ट लिहिलें. फेड चालू आहे, पण ती सारखी होत नाहीं: एका गल्लींत एकाचें घर मजबूत करून मिळतें, आणि शेजाऱ्यास कागदांवर कागद भरावे लागतात. वायु काढणें थांबलें तरी खालचा दाब अजून सर्वत्र सारखा झालेला नाहीं, म्हणून तेथील जमीन अधूनमधून हालतेच.